तुझ्या पाळीला चहा

डमडम, कोलकाता

प्रिय सुश्रुत,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच कपाटात टाकशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता आपल्या मराठी मंडळातल्या मीनाकाकूंकडून लिहून घेतला. तुझा पुण्याचा नवा पत्ताही त्यांनीच कुठून कुठून मिळवला. फोन नंबर मात्र त्यांनाही मिळाला नाही. ते एका परीनं बरंच झालं. जे लिहायचं आहे ते फोनच्या पडद्यावर मावणारं नाही, आणि तू वाचलंस की नाही हे निळ्या रेघांवरून ताडत बसण्याची ताकद माझ्यात आता उरलेली नाही.

ओंकार गेला. तुला कळलं असेल, किंवा नसेलही; मंडळाच्या ग्रुपमधून तू केव्हाच बाहेर पडलास. कालीपूजेच्या आदल्या आठवड्यात, डेंग्यूनं. ताप आला, मग उतरला, आणि उतरला म्हणून आम्ही दोघं चहा पीत हसलोसुद्धा. त्यानंतर जे घसरत गेलं ते थांबलंच नाही. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये उभी होते आणि ओंकारचे बाबा खालच्या दुकानातून त्याच्यासाठी शहाळं आणत होते. ते शहाळं नंतर कुणी प्यायलं की तिथंच राहिलं, हे मला आठवत नाही. एवढंच का आठवत नाही म्हणून मी अजून स्वतःवर चिडते. आमच्या लग्नाचं तर तुला कळलंच होतं, पत्रिका मीच टाकली होती. तिला तुझं उत्तर आलं नाही. त्यावरून एकदा तुझ्याशी कडाकडा भांडायचं ठरवलं होतं, पण आज त्यासाठी बसलेली नाही.

मी डमडमच्या त्याच फ्लॅटमध्ये आहे, बाबांबरोबर. तू त्यांना पाठीमागे मॅनेजरसाहेब म्हणायचास, आणि त्यांना ते माहीत होतं. बँकेनं बदली करून त्यांना इथं पाठवलं तेव्हा ओंकार बालवाडीत होता. पुढे आई इथंच गेल्या, नोकरी इथंच संपली, आणि नाशिकला परत जायचं म्हणता म्हणता मुलापायी ते इथंच राहिले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, त्यानंतर एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, चहा हवा असेल. ते म्हणाले, “देवयानी, ओंकार नक्की काय करत होता ग? म्हणजे, गणित करायचा ते ठाऊक आहे. पण काय? मला मराठीत नीट सांगशील?” आणि सुश्रुत, मी त्याची बायको, गॅससमोर चिमटा हातात धरून उभी राहिले. मला सांगता आलं नाही.

का आलं नाही ते जगात मी सोडून फक्त तुलाच कळेल. तरीही पहिल्यापासून लिहिते. मी इतिहासवाली, मला आधीचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, आणि तू या खोडीवरून मला पुष्कळ छळलेलं आहेस.

मंडळाच्या गणपतीत मीनाकाकूंनी आपल्या तिघांना स्टेजवर ओढलं होतं. ‘आपली संशोधक मुलं’ म्हणून. माइक तुझ्या हातात आला आणि तू पुण्याचा चुरुचुरु बोलणारा, पण माशाच्या कानातल्या खड्यांबद्दल बोलताना तुझी प्रत्येक दोन शब्दांनंतर इंग्रजीत घसरगुंडी व्हायला लागली. मी बोलले तर समोरचे आजोबा पेंगले. आणि ओंकार! डमडममध्ये वाढलेला, घरात मराठी, दाराबाहेर बंगाली, तो म्हणाला, “माझी संशोधन फार कठीण आहे, मी सांगणार आणि तुम्ही झोपणार.” सगळा हॉल हसला. बाबा पहिल्या रांगेत होते, तेही हसले, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं ते मी पाहिलं होतं. खाली उतरल्यावर मीनाकाकू प्रसादाची वाटी हातात देत म्हणाल्या की एवढं शिकून सवरून घरच्या माणसाला सांगता येत नसेल तर त्या शिकण्याचं काय लोणचं घालायचं आहे का. तो टोला तुला सगळ्यात जास्त लागला.

पुढच्याच शनिवारी तुझ्या बेहालाच्या खोलीवर तू तो नियम काढलास. मराठीत सांगायचं. आणि स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. आपलं सांगताना माणूस खड्डे टाळून चालतो, दुसऱ्याचं सांगताना बरोबर त्यात पडतो, आणि जिथे पडेल तिथे मूळ कामातच खड्डा आहे असं समजायचं. हे तुझं तत्त्वज्ञान. वाटीत चिठ्ठ्या टाकल्या. माझं काम ओंकारकडे गेलं, तुझं माझ्याकडे आलं, ओंकारचं तुझ्याकडे. खालच्या लेथच्या कारखान्याची कर्रकर्र चाललेली, तू केलेलं ते पातळ पिठलं, आणि आपण तिघं एकमेकांची आयुष्यं तोंडात धरून बसलेले. एक गणिताचा, एक माशांचा, एक गिरण्यांच्या इतिहासाची. कशाचा कशाला मेळ नाही. माझ्या गाइडबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, हा काय वेळ घालवायचा नवीन प्रकार. पण तसं ऐकून घ्यायला मला तोवर कुणी बसलेलं नव्हतं, आणि नंतरही कुणी बसलं नाही.

तुझा मासा मला अजून तोंडपाठ आहे. इलिशच्या डोक्यात, कानाच्या जागी, तांदळाच्या कणीएवढा खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात कडी पडत जातात. मासा खाऱ्या पाण्यात असला तर त्या दिवसांचं कडं एका द्रव्यानं भरतं, गोड्या पाण्यात आला की ते द्रव्य कमी होतं. म्हणजे मासा मेल्यावरही तो कुठं जन्मला, समुद्रात केव्हा गेला, नदीत परत केव्हा आला, हे सगळं त्या कणीत राहतं. तुझा प्रश्न एवढाच होता की हा मासा ज्या नदीत जन्मला तिथंच परत येतो, की वाटेल त्या नदीत शिरतो. त्यासाठी तू, अंड्याच्या वासानंसुद्धा नाक मुरडणारा सदाशिवपेठी, भल्या सकाळी गडियाहाटच्या मासळीबाजारात जाऊन इलिशची डोकी मागायचास. बंगाली बायका तुझ्याकडे बघून हळहळायच्या, बिचाऱ्याला फक्त डोकं परवडतं म्हणून. हे मी सांगायला लागले की ओंकार हसून लोटपोट व्हायचा, शंभरदा ऐकलेलं असलं तरी.

आणि तुझ्या पाळीला तू ओंकारच्याच पायजम्याची नाडी ओढून काढायचास. तो खुर्चीला चिकटून बसायचा, उठायची सोय नाही. नाडीला गाठ मारायची आणि म्हणायचं, टोकं मोकळी आहेत तोवर कुठलीही गाठ सुटते, त्यात कसलं शहाणपण. आता दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाका, आणि मग कात्री न लावता हिचं साधं गोल वेटोळं करून दाखवा. काही गुंते नुसते दिसायला गुंते असतात. हलक्या हातानं सैल करत गेलं की आत काहीच नसतं. काही मात्र जन्मभर बसलं तरी सुटत नाहीत. कुठला कोणता, हे सोडवायला न बसता, नुसत्या हिशोबानं आधीच कसं सांगायचं, हे ओंकारचं काम. इथपर्यंत मला येतं. याच्यापुढे तू रंगीत पेन्सिली घ्यायचास, गाठीचं चित्र काढून तीन रंगांनी रंगवायचास, आणि त्यातून काहीतरी उलगडायचं. आणि त्याच्याही पुढे, ओंकारनं स्वतः काय नवीन शोधलं, ते. तिथे तू जरा हळू बोलायचास, आणि ओंकार, स्वतःचंच काम ऐकताना, लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून बसायचा. मी त्या वेळी पोळ्या लाटत असायचे. बघायचे, पण नाडीकडे नाही. तुझ्याकडे. हे आता लिहिलं तर काय बिघडलं? तुला माहीत होतं, ओंकारलाही माहीत होतं.

मग तुझं काम दुसऱ्यानं आधी छापलं. कुठल्या तरी लांबच्या देशातला माणूस, दुसरा मासा, दुसरी नदी, पण रीत तीच आणि उत्तरही तेच. तू तो निबंध वाचलास आणि तिसऱ्या दिवशी सामान बांधायला घेतलंस. पुण्यात कंपनीत नोकरी होती, मलाही चल म्हणालास. मी माझं काम अर्धं टाकून येणार नाही म्हटलं. तू म्हणालास की अर्ध्याचं पुरं झालं तरी काय होतं ते बघितलंस ना. त्या वाक्यानंतर आपल्यात बोलण्यासारखं राहिलं नाही. मी पुष्कळ रडले, ते तुला माहीत नाही. ओंकारला माहीत आहे. होतं.

तू गेल्यावर खोली रिकामी करायला ओंकार बेहालाला गेला. तू फेकून दिलेले खडे त्यानं कचऱ्याच्या पेटीतून वेचून आणले आणि संदेश मिठाईच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून ठेवले. त्या डब्याला अजून थोडा वेलचीचा वास येतो आणि थोडा मासळीचा. मी म्हटलं, कशाला ठेवतोस, तो काही मागायला यायचा नाही. ओंकार म्हणाला, “येणार. राग आला आहे, तो संपणार.” त्याला ‘संपेल’ आणि ‘संपणार’ यातला फरक कधी कळला नाही. त्याच्या मराठीत सगळं होणारच असायचं.

शनिवार मात्र त्यानं मोडू दिला नाही. आम्ही दोघंच बसायचो, इथे डमडमला. तो माझं सांगायचा, मी तुझं. मी म्हटलं, अरे, ज्यानं टाकून दिलं त्याचं आपण कशाला सांगायचं? तर म्हणाला, त्यानं टाकलं आहे, आपण कुठे टाकलं. आणि तिसरी पाळी यायची, तुझी, तेव्हा मी ओंकारला दोनतीनदा म्हटलं, “आता तुझं कामही मलाच शिकव, मी सांगत जाईन.” त्यानं साफ नाही म्हटलं. ती चिठ्ठी सुश्रुतची आहे, दुसऱ्याची पाळी आपण खायची नाही. मग तुझ्या पाळीला काय करायचं? तर चहा प्यायचा. तो उठून चहा करायचा, आलं ठेचून, आणि आम्ही काही न बोलता तो प्यायचो, आणि कप खाली ठेवले की शनिवार संपला. लग्नानंतरही हेच. मी त्याच्या वहीत डोकावले असते तर मला काय कळणार होतं. सगळी चिन्हं आणि बाण. मराठीत ते फक्त तुझ्याकडे होतं.

आमचं कसं जमलं, हे तू कधी विचारलं नाहीस, पण तुला कळावं असं वाटतं. माझं काम होतं गिरणीच्या भोंग्याचं. नदीकाठच्या तागाच्या गिरण्या, भोंग्यावर उठणारी वस्ती, भोंग्यावर पेटणाऱ्या चुली. आणि गिरणी बंद पडल्यावर, भोंगा गेल्यावर, त्या बायका कशाच्या अंदाजानं उठतात, हा माझा प्रश्न. ओंकार सांगायचा तेव्हा ‘भोंगा वाजली’ म्हणायचा आणि तू उशीत तोंड खुपसायचास. तू गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एका शनिवारी सांगता सांगता तो एके ठिकाणी अडखळला. तिथेच थांबला. पुढच्या आठवड्यात मला न सांगता टिटागडच्या पुढच्या त्या वस्तीत जाऊन पहाटे उभा राहिला. लोकांनी चोर समजून धरलं, मग चहा पाजून सोडलं. परत आला तो दारातच म्हणाला, “तुझ्या प्रबंधात खड्डा आहे. त्या भोंग्यावर उठत नव्हत्या. भोंग्याच्या आधी उठत होत्या. भोंगा वाजली तेव्हा नवरा जेवून दारात पाहिजे ना!” एवढी वर्षं मी कागदपत्रं चाळत होते आणि ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या वाक्यावर उभं आहे. आणि सुश्रुत, माझ्यासाठी असं थंडीत कुणी उभं राहिलं नव्हतं. तूही नाही. मी त्याच दिवशी ठरवलं. त्याला सांगायला मात्र आणखी एक पावसाळा लागला, कारण तो गणिताचा, त्याला सरळ सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही.

आम्ही सुखात होतो. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तुझ्या रिकाम्या जागी त्याला बसवलं असं तुला वाटत असेल तर ते काढून टाक. त्याचं हसणं, त्याचं ते बायकी-पुरुषी सगळं एकत्र केलेलं मराठी, पूजेच्या गर्दीत माझा हात न धरता माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून चालणं, हे सगळं माझं होतं. अजून मी त्याच्या गजराच्या आधी उठते. गजर लावणारा नाही, तरी उठते. पाणी गरम करते, दोन कप काढते, मग एक परत ठेवते. माझ्याच प्रबंधातली बाई झाले आहे मी.

त्याचे सर भेटायला आले होते. फार मोठा माणूस, फार साधा. बाबांसमोर बसून इंग्रजीत पुष्कळ वेळ बोलले, डोळे पुसले, ओंकारचं काम पुढे किती जण वापरतील ते सांगितलं. बाबांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे. ते मान हलवत होते, बँकेत तपासणीला आलेल्या साहेबासमोर हलवत असतील तशी. सर गेल्यावर म्हणाले, “भला माणूस आहे. पण गणिताबद्दल बोलला, माझ्या मुलाबद्दल नाही.” मग म्हणाले की ओंकारला कितीदा विचारलं, तर तो दर वेळी हसायचा आणि म्हणायचा, “बाबा, माझी मराठी सुश्रुतकडे ठेवली आहे. तो आला की सांगणार.”

ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. म्हणून मी स्वतःच प्रयत्न केला. ओंकारच्या पायजम्याची नाडी काढली. ते करताना किती वेळ कपाटापाशी उभी होते ते विचारू नकोस. तो बसल्या बसल्या हातानं जशी एक गाठ घालायचा, वरून, खालून, पुन्हा वरून, तशी आठवून आठवून घातली, सुईदोरा घेऊन टोकं शिवली आणि बाबांसमोर बसले. सांगितलं, टोकं मोकळी असली तर काय, शिवली तर काय, काही गुंते सुटतात, काही सुटत नाहीत. बाबा पुढे झुकून ऐकत होते. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं. म्हणाले, “बरं. मग? यात ओंकारनं काय शोधलं?” आणि मी तिथेच थांबले. तुझ्या पेन्सिली कुठून सुरू व्हायच्या तेच मला आठवेना. मी म्हटलं, बाबा, याच्यापुढचं मला येत नाही. त्यांनी नाडी माझ्या हातून घेतली.

तेव्हापासून ती त्यांच्याजवळ आहे. पेपर वाचत नाहीत, टीव्ही लावत नाहीत. बाल्कनीत बसतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ती शिवलेली नाडी सैल करत असतात. एक पदर ओढतात, दुसरा वर सरकवतात, पुन्हा पहिल्यासारखं होतं. खालून मेट्रोला जाणारी येणारी माणसं त्यांच्याकडे बघतात. काल मी म्हटलं, बाबा, ठेवा आता, बोटं दुखतील. तर म्हणाले, “एवढं सुटलं की कळेल ग, तो काय करत होता ते.” परवा त्यांचं मन रमावं म्हणून मी तुझा मासा सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठे अडखळले नाही. संपल्यावर ते म्हणाले, “किती छान सांगतेस. मग त्याचंच का येत नाही?” टोमणा नव्हता, त्यांच्या स्वभावातच नाही ते. खरोखरच विचारलं. मी आत जाऊन नळ सोडला आणि हुंदका येईल तेवढा येऊ दिला.

संक्रांतीनंतर केदार येतो आहे, त्यांचा पुतण्या. नाशिकला घेऊन जायला. तिथे माणसं आहेत, हवा बरी आहे, आणि मी कॉलेजात शिकवायला गेले की इथे ते दिवसभर एकटे असतात. जाणं शहाणपणाचं आहे हे त्यांनाही पटतं. पण बॅग भरायला काढली की म्हणतात, थांब, हे आधी होऊ दे. केदार त्यांना कसंबसं नेईलच. पण मला त्यांना हातात ती नाडी घेऊन विमानात बसलेलं बघायचं नाही.

म्हणून लिहिते आहे, सुश्रुत. संक्रांतीच्या आत ये. शनिवारी ये. माझ्यासाठी नको, आपल्यात जे झालं त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, तुझं लग्न झाल्याचं मीनाकाकूंनी सांगितलं, तेव्हा बायकोला हे पत्र दाखवूनच ये. बाबांसमोर बस आणि त्यांना मराठीत सांग त्यांचा मुलगा काय करत होता ते, हळू बोलायचास तिथे हळू बोलून, पेन्सिली मी आणून ठेवते. आणि सगळ्यात आधी ती नाडी हातात घेऊन बघ. मी घातली ती गाठ सुटणारी आहे की नाही, ते मला ठाऊक नाही; तुला एका नजरेत कळेल. सुटणारी असली तर त्यांना सोडवून दाखव. नसली तर तसं सांग, म्हणजे ते ती खाली ठेवतील. मी या वेळी पोळ्या लाटणार नाही, त्यांच्या शेजारी बसून ऐकेन, कारण ओंकार काय करत होता ते मलाही अजून कुणी सांगितलेलं नाही. तुझे खडे संदेशाच्या डब्यात आहेत आणि तुझा मासा माझ्या तोंडात आहे. विसरला असशील तर माझ्या पाळीला तुला पहिल्यापासून ऐकवीन. मग राहील तिसरी पाळी, ओंकारची, माझं काम सांगायची. तेव्हा आपण चहा पिऊ.

तुझी आणि ओंकारची,
देवयानी